हरवलेल्या पार्टिशनची मोजणी



संगणक सुरू केल्यावर पडद्यावर दोन नावांची यादी यावी, तीतील हवे ते नाव निवडावे आणि कामास लागावे, असा ज्यांचा नित्याचा परिपाठ आहे, त्यांच्यापैकी काहींना एखाद्या सकाळी त्या यादीऐवजी काळ्या पडद्यावर एकच ओळ दिसते : ‘एरर : नो सच पार्टिशन’. तिच्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ ही अक्षरे आणि पुढे लुकलुकणारी एक खूण. ज्या कप्प्यात काल रात्रीपर्यंत काम केले तो कप्पा अस्तित्वातच नाही, असे यंत्र सांगत असते. या प्रसंगी माणूस पहिल्या तासाभरात जे करतो, त्यावर पुढचे बहुतेक सारे अवलंबून असते. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली शेजारी-शेजारी नांदविण्याची प्रथा आता नवी राहिलेली नाही. हिशेब, कार्यालयीन पत्रव्यवहार आणि ठराविक सॉफ्टवेअर यांसाठी विंडोज, आणि अभ्यासासाठी, प्रोग्रॅमिंगसाठी वा निव्वळ खर्च वाचविण्यासाठी लिनक्स, अशी ही वाटणी असते. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सची मुहूर्तमेढ रोवली. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने पुढे लिनक्सच्याच पायावर ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल अशी प्रणाली सिद्ध केली, तर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाने लिनक्सचे धडे मराठीतूनही उपलब्ध करून दिले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या आवृत्तीचा नियमित आधार संपुष्टात आल्यानंतर तर जुने, पण धडधाकट संगणक टाकून न देता त्यांवर लिनक्स बसवून पाहण्याकडे अनेकांचा कल झाला आहे. एका घरात दोन बिऱ्हाडे राहू लागली की भिंतीवरून तंटे उद्भवतात. इथेही तेच घडते.

या तंट्याचे मूळ समजण्यासाठी हार्ड डिस्ककडे एखाद्या गावच्या शिवारासारखे पाहणे सोयीचे ठरेल. पाचशे जीबीची म्हणून विकली जाणारी डिस्क म्हणजे प्रत्येकी ५१२ बाइटांच्या ९७,६७,७३,१६८ वाफ्यांचे शिवार होय. या वाफ्यांना सेक्टर म्हणतात आणि त्यांची गणना शून्यापासून सुरू होते. पैकी अगदी पहिला, म्हणजे शून्य क्रमांकाचा सेक्टर, हे या गावचे तलाठी दप्तर. त्यातील ४४६ बाइट संगणक सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट जमिनीच्या नोंदीसाठी आणि शेवटचे २ बाइट दप्तराचा शिक्का म्हणून राखलेले असतात. चौसष्ट बाइटांत सोळा-सोळा बाइटांच्या चार नोंदी मावतात. प्रत्येक नोंदीत कप्पा कोठून सुरू होतो, किती लांब आहे, कोणत्या प्रकारचा आहे आणि यंत्र त्यावरून सुरू करावयाचे काय, एवढीच माहिती असते. ही पद्धत १९८३ साली आयबीएमच्या पीसी-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. चार नोंदी अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा एका नोंदीस ‘विस्तारित’ ठरवून तिच्या पोटात आणखी कप्पे करण्याची सोय झाली. त्यांतील प्रत्येक कप्प्याच्या आधी एक छोटी नोंद असते आणि ती पुढच्या नोंदीचा पत्ता सांगते, अशी ही साखळी असते.

कोट्यवधी सेक्टरांच्या शिवाराचा सारा सातबारा अशा रीतीने चौसष्ट बाइटांत आणि एका साखळीत सामावलेला असतो. एखादे पार्टिशन ‘डिलीट’ केले की पुसली जाते ती ही नोंद. शेतातील पीक, विहीर, बांधावरची झाडे बहुधा जिथल्या तिथे उभी असतात. मात्र शिवार अफाट असल्याने सातबाऱ्यावाचून त्या शेतापर्यंत कोणी पोहोचू शकत नाही, आणि ती जमीन मोकळी समजून दुसरा कोणी तेथे नांगर घालण्याचा धोका उभा राहतो.

येथे एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, परंतु संगणक दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात चौकशी केल्यास त्याची भावंडे भेटतील. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या एक प्राध्यापिका. जात्यावरच्या ओव्या गोळा करणे हा त्यांचा ध्यास. नऊ वर्षे सुट्ट्यांच्या दिवसांत गावोगाव फिरून त्यांनी म्हाताऱ्या बायांच्या तोंडून ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, त्या उतरवून काढल्या, कोणती ओवी कोणत्या गावी कोणी सांगितली याच्या वह्या केल्या. ओव्या सांगणाऱ्यांपैकी कित्येक जणी आज हयात नाहीत. हा सर्व ऐवज त्यांच्या जुन्या लॅपटॉपच्या लिनक्स कप्प्यात होता. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर होती, ती तीन वर्षांपूर्वीची.

विंडोजच्या बाजूची जागा भरत आली म्हणून त्यांनी सुट्टीला आलेल्या भाच्याला बोलाविले. त्याने डिस्क मॅनेजमेंट उघडले. पडद्यावर पट्टीसारखे आखलेले चौकोन आले : १०० एमबीचा एक राखीव कप्पा, ३०० जीबीचा विंडोजचा कप्पा, आणि त्यापुढे हिरव्या चौकटीत नाव नसलेले, अक्षर नसलेले दोन चौकोन, एक १५० जीबीचा व दुसरा त्याहून बराच लहान. लिनक्सची मांडणी विंडोजला वाचता येत नाही. त्यामुळे तो कप्पा किती भरला आहे हे विंडोज सांगू शकत नाही. केवळ एक मुका चौकोन दाखविते.

“मावशी, ही दीडशे जीबी जागा नुसतीच पडून आहे,” भाचा म्हणाला.

“असेल बाबा. पण माझ्या ओव्यांना धक्का लावू नकोस.”

“ओव्या डी ड्राइव्हमध्ये असतील ना? डी ड्राइव्ह तर दिसतच नाही इथे.”

“त्या दुसऱ्या बाजूला असतात. सुरू करताना खालचं नाव निवडते मी, तिकडे.”

ही ‘दुसरी बाजू’ म्हणजेच समोरचा मुका चौकोन, हे दोघांच्याही ध्यानात आले नाही. भाच्याने ‘डिलीट व्हॉल्यूम’ म्हटले. हे पार्टिशन विंडोजने तयार केलेले नाही, त्यात इतर कार्यप्रणालीची माहिती असू शकेल, अशा आशयाची सूचना विंडोज अशा वेळी देते. पण सूचना वाचण्याआधी ‘यस’वर बोट जाते, हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्यासाठी त्या मुलाला फार दोष देण्याचे कारण नाही. लॅपटॉप पुन्हा सुरू केला तेव्हा तो काळा पडदा आला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दूरध्वनीवरच निदान केले : “घेऊन या, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो.” प्राध्यापिकाबाईंनी विचारले, “आणि ओव्या?” पलीकडून उत्तर आले नाही. त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि कपाटात ठेवला. अज्ञानापोटी म्हणा वा हताशपणे म्हणा, त्या प्रसंगी करण्यासारखी सर्वांत शहाणपणाची गोष्ट त्यांच्या हातून घडली.

काळ्या पडद्यावरील ओळ काय सांगत होती? ग्रब हा प्रोग्रॅम या दुहेरी घराचा पहारेकरी. त्याचे अर्धे अंग शून्य क्रमांकाच्या सेक्टरात आणि त्यालगतच्या मोकळ्या पट्ट्यात असते. कारण अलीकडच्या पद्धतीने पहिले पार्टिशन २,०४८व्या सेक्टरपासून सुरू होते व तत्पूर्वीची जागा रिकामी राहते. उरलेले अंग, म्हणजे ती नावांची यादी व इतर सामान, लिनक्सच्या कप्प्यात असते. कप्प्याची नोंद पुसल्यावर पहारेकरी दारात जागाच राहिला, परंतु ज्या खोलीतून त्याने किल्ल्या आणावयाच्या ती खोली त्याला सापडेना. म्हणूनच विंडोज शाबूत असूनही सुरू होईना.

येथे दोन भिन्न दुखण्यांतील फरक लक्षात घेतला पाहिजे, कारण त्यांचे उपचार वेगळे आहेत. लिनक्स असलेल्या जुन्या पद्धतीच्या यंत्रावर नंतर विंडोज बसविले, तर विंडोज त्या ४४६ बाइटांत स्वतःचा प्रोग्रॅम लिहिते. पहारेकरी बदलतो, यादी दिसेनाशी होते आणि लिनक्स गेले असा समज होतो. वास्तविक कप्पा आणि त्याची नोंद दोन्ही जागेवर असतात. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ग्रब पुन्हा बसविले की काम होते. नव्या, यूइएफआय पद्धतीच्या यंत्रांत तर पुष्कळदा केवळ प्राधान्यक्रम बदललेला असतो आणि तो यंत्राच्या सेटिंगमधून पूर्ववत करता येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षाविषयक अद्ययावतीकरणानंतर अनेक दुहेरी संगणकांवर लिनक्स सुरू होण्याचे नाकारू लागले. तेथेही कप्पे सुरक्षित होते, अडला होता तो प्रवेशाचा परवाना. हरवलेली यादी आणि हरवलेला कप्पा यांची गल्लत करून धडधाकट लिनक्सवर पुन्हा नवे लिनक्स बसविणारे, आणि त्यात आपला ऐवज घालविणारे लोक थोडे नाहीत.

कप्पाच हरवला असेल तर पहिला नियम, त्या डिस्कवर काहीही लिहू नये. मोकळ्या झालेल्या जागेत नवे पार्टिशन करू नये. विंडोजचा कप्पा तिकडे वाढवू नये. ‘फॉरमॅट करावयाचे काय?’ या प्रश्नाला होकार देऊ नये. पुन्हा विंडोज बसवू नये. विंडोजची दुरुस्ती-तबकडी वापरून केवळ सुरुवातीचा प्रोग्रॅम बदलला, तर नोंदींच्या चौसष्ट बाइटांना धक्का लागत नाही व विंडोज सुरू होते हे खरे. परंतु सुरू झालेले विंडोज स्वस्थ बसत नसते, आणि घाईतला माणूसही नाही. त्यापेक्षा यंत्र बंद राहू द्यावे.

दुसऱ्या संगणकावर लिनक्सची एखादी प्रचलित आवृत्ती उतरवून घेऊन तिचा पेनड्राइव्ह तयार करावा आणि बिघडलेला लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. पडद्यावर ‘ट्राय’ आणि ‘इन्स्टॉल’ असे दोन पर्याय आले, तर पहिलाच निवडावा. अशा रीतीने सुरू झालेली प्रणाली संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत चालते, डिस्कला हात लावीत नाही. आता डिस्कची प्रकृती पाहावी. तीतून टकटक असा आवाज येत असेल किंवा तिची स्वतःची आरोग्यनोंद बिघाड दाखवीत असेल, तर हा नोंदीचा प्रश्न राहात नाही. ती डिस्क त्याच क्षणी बंद करून विशेषज्ञाकडे सोपवावी. घरगुती प्रयोगांनी मरणासन्न डिस्क लवकर मरते.

प्रकृती ठीक असेल तरी मूळ डिस्कवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी तिची सेक्टर-न्-सेक्टर नक्कल काढून ठेवणे इष्ट. फाइलींची नक्कल येथे उपयोगी नाही, कारण फाइली तर दिसतच नाहीत. संबंध शिवाराचाच ठसा घ्यावयाचा असतो. जीएनयू प्रकल्पाचा ‘डीडीरेस्क्यू’ हा मुक्त प्रोग्रॅम हे काम करतो, आणि वाचता न येणारे भाग मागे ठेवून आधी सुस्थितीतील भाग उचलतो. नक्कल ठेवावयाची डिस्क मूळ डिस्कइतकी वा त्याहून मोठी हवी. जुन्या यूएसबी जोडणीतून दर सेकंदास ३० एमबी इतका वेग मिळाला, तर पाचशे जीबीला साडेचार तासांहून अधिक लागतात. या कामात स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणते हे उलटसुलट झाले, तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल; म्हणून आज्ञा देण्यापूर्वी दोन्ही डिस्कची नावे व आकार कागदावर लिहून, दुसऱ्या माणसाकडून ताडून घ्यावेत.

सातबारा नसताना शेत शोधावयाचे ते कसे? जुन्या मोजणीदाराला ठाऊक असे, की कागद गेले तरी हद्दीचे दगड राहतात. पार्टिशनचेही तसेच आहे. लिनक्सच्या ‘एक्स्ट ४’ या मांडणीत कप्प्याच्या आरंभापासून १,०२४ बाइटांवर ‘सुपरब्लॉक’ नावाची नोंद असते. कप्पा किती मोठा, त्यातील ठोकळ्यांचा आकार केवढा, तो शेवटी केव्हा उघडला, हे सारे तीत लिहिलेले असते, आणि तिच्यात एका ठरलेल्या जागी दोन बाइटांची एक ठराविक खूणही असते. विशेष म्हणजे ही नोंद एकदाच लिहून रचनाकार थांबले नाहीत. कप्पा १२८ एमबीच्या गटांत विभागलेला असतो आणि पहिल्या गटाच्या पुढे १, तसेच ३, ५ व ७ यांच्या घातांकांचे क्रमांक असलेल्या गटांच्या आरंभी सुपरब्लॉकची एकेक प्रत ठेवलेली असते. म्हणजे १२८, ३८४, ६४०, ८९६ एमबी अशा अंतरांवर. प्रत्येक प्रतीत ती कितव्या गटातील आहे हेही लिहिलेले असते. पहिला दगड कोणी उखडून टाकला तरी तिसरा दगड सापडला, तर शेताची सुरुवात तेथून मागे मोजून काढता येते. विंडोजच्या ‘एनटीएफएस’ मांडणीत पहिल्या सेक्टराची प्रत कप्प्याच्या अगदी शेवटच्या सेक्टरात असते; तिथे दगड दोनच, पण शेताच्या दोन्ही टोकांना.

हे दगड शोधणारा प्रोग्रॅम म्हणजे ‘टेस्टडिस्क’. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच तंत्रज्ञाने तो १९९८ पासून रचीत आणला असून, तो विनामूल्य व मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. त्याचे रूप अगदी साधे, जुन्या वळणाचे : काळा पडदा, बाणाच्या कळा आणि एंटर. रंगीबेरंगी खिडक्यांची सवय झालेल्यांना तो रुक्ष वाटेल, पण पैसे घेऊन हेच काम करणाऱ्या कित्येक झगमगीत प्रोग्रॅमांपेक्षा तो अधिक भरवशाचा आहे. प्रथम तो डिस्कची यादी दाखवितो. मग नोंदींची पद्धत कोणती हे विचारतो; जुनी ‘इंटेल’ की नवी ‘जीपीटी’, याचा त्याने स्वतः केलेला तर्क सहसा बरोबर असतो. त्यानंतर ‘अॅनालाइज’ आणि ‘क्विक सर्च’. ज्या ठिकाणी पार्टिशनचा आरंभ संभवतो, अशा जागा तो तपासत जातो. एवढ्याने इच्छित कप्पा न मिळाल्यास ‘डीपर सर्च’ आहे. त्यास काही तास लागू शकतात, कारण तेव्हा तो सुपरब्लॉकच्या मागच्या प्रतीही धुंडाळतो.

प्राध्यापिकाबाईंच्या डिस्कवर आपण आकडे बसवून पाहू. राखीव कप्पा २,०४८ पासून, विंडोजचा २,०६,८४८ पासून, विस्तारित चौकट ६२,९३,५२,४४८ पासून, आणि तीत २,०४८ सेक्टर सोडून, म्हणजे ६२,९३,५४,४९६ वर लिनक्सचा आरंभ. पहिला सुपरब्लॉक काही कारणाने बिघडला असता, तर त्याची पहिली प्रत तेथून १२८ एमबी पुढे, ६२,९६,१६,६४० व्या सेक्टरवर मिळाली असती. येथे तिची गरज पडत नाही. पहिल्याच शोधात ३१,४५,७२,८०० सेक्टर लांबीचा, म्हणजे बरोबर १५० जीबीचा, लिनक्स कप्पा यादीत उभा राहतो.

परंतु यादीत नाव आले म्हणजे ते खरेच असे नाही, आणि या कामातील सर्वांत नाजूक जागा हीच आहे. डिस्क जुनी असेल, तिच्यावर पूर्वी दोन-तीनदा वेगवेगळ्या वाटण्या झालेल्या असतील, तर पूर्वीच्या वाटण्यांचे दगडही मातीत गाडलेले असतात आणि सखोल शोधात तेही वर येतात. चार-पाच कप्पे एकमेकांवर चढलेले दिसतात. त्यांतील काही केवळ भुते असतात. दगड पाहून मोजणी करणाराने दगड कोणत्या मोजणीचा हेही पाहिले पाहिजे. यासाठी टेस्टडिस्कमध्ये कप्प्यावर पट्टी नेऊन ‘पी’ ही कळ दाबली, की आतील फाइलींची यादी दिसते. ओळखीची फोल्डरे, ओळखीच्या तारखा दिसल्या तर कप्पा खरा. बाईंच्या पडद्यावर या टप्प्यावर गावांच्या नावांची फोल्डरे एकाखाली एक आली, असे समजावे. त्याच पडद्यावरून फाइली निवडून दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेण्याचीही सोय आहे. नोंद पुन्हा लिहिण्याच्या आधी महत्त्वाचा ऐवज असा बाहेर काढून घेणे केव्हाही श्रेयस्कर, कारण आतापर्यंत मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहिलेले नसते.

ऐवज हाती आल्यावर मग नोंदीकडे वळावे. टेस्टडिस्क प्रत्येक कप्प्यास एक खूण लावू देतो : मुख्य, मुख्य व सुरू होणारा, विस्तारितातील, अथवा पुसलेला. लिनक्सचा हरवलेला कप्पा विस्तारितातील होता, तर त्यास तीच खूण द्यावी. विंडोजचे कप्पे होते तसेच ठेवावेत. भुतांना ‘पुसलेला’ असेच राहू द्यावे. कप्पे एकमेकांवर चढत असतील तर प्रोग्रॅम मांडणी सदोष असल्याचे सांगतो आणि तसे सांगत असता पुढे जाऊ नये. सर्व जुळल्यावर ‘राइट’, होकार, आणि यंत्र पुन्हा सुरू. कप्पा पूर्वीच्याच क्रमाने परत आला असेल, तर दारातल्या पहारेकऱ्याला खोली सापडते आणि दोन नावांची यादी पुन्हा पडद्यावर येते. ती न आल्यास पेनड्राइव्हवरून ग्रब पुन्हा बसवावे लागते. ते दहा मिनिटांचे काम आहे. परत मिळालेल्या कप्प्याची तपासणी मात्र प्रथम ‘फक्त वाचा’ या रीतीने करावी, दुरुस्तीची परवानगी नंतर द्यावी.

नव्या यंत्रांतील जीपीटी पद्धत याबाबतीत अधिक सावध आहे. तीत १२८ नोंदींची सोय असते, प्रत्येक नोंद १२८ बाइटांची; दप्तराची एक प्रत डिस्कच्या आरंभी आणि दुसरी अगदी शेवटी ठेवलेली असते, शिवाय दोन्हींवर बिघाड ओळखणारी पडताळणी संख्या असते. आरंभीची प्रत खराब झाली तर ‘जीडिस्क’सारख्या प्रोग्रॅमने शेवटच्या प्रतीवरून ती पुन्हा उभारता येते. मात्र यावर विसंबून राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी : पार्टिशन माणसाने स्वतः ‘डिलीट’ केले असेल, तर प्रोग्रॅमने दोन्ही प्रतींत ते इमानेइतबारे पुसलेले असते. तेव्हा दुसरी प्रत उपयोगाची नाही. पुन्हा हद्दीचे दगडच शोधावे लागतात.

जेथे हे उपाय थकतात अशाही जागा आहेत. फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असेल आणि मोकळ्या जागेवर नव्याने फॉरमॅट झाले असेल, तर कार्यप्रणाली बहुधा ‘ट्रिम’ ही आज्ञा धाडते. त्या आज्ञेने ही जागा आता नको आहे असे एसएसडीला कळते, आणि ती पुढे आतील मजकूर खरोखरच साफ करून टाकते. येथे शेतही नांगरले जाते आणि दगडही उपटले जातात. केवळ नोंद पुसली असेल तर एसएसडीवरही आशा असते, पण वेळ दवडू नये. दुसरी जागा कुलूपबंद कप्प्यांची. विंडोजच्या बिटलॉकरने बंद केलेला कप्पा सापडला तरी ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्लीवाचून तो उघडणार नाही. लिनक्सच्या ‘लक्स’ पद्धतीत किल्लीची माहिती कप्प्याच्या आरंभी असते. तेवढा भाग नव्या मजकुराखाली गाडला गेला आणि त्याची प्रत अन्यत्र ठेवलेली नसली, तर पासवर्ड तोंडपाठ असूनही उपयोग नाही.

मोकळ्या जागेवर नवे पार्टिशन करून थोडेफार लिहिले गेले असेल, तर मधली वाट शिल्लक राहते. सुपरब्लॉकच्या मागच्या प्रतीचा आधार घेऊन मांडणी सावरण्याचा प्रयत्न करता येतो, पण तो नकलेवर करावा, मूळ डिस्कवर कदापि नाही. तेही न साधल्यास टेस्टडिस्कचा जोडीदार ‘फोटोरेक’ आहे. तो मांडणीकडे ढुंकूनही पाहात नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलीच्या आरंभी जी ठराविक अक्षरे असतात ती शोधीत सबंध डिस्क वाचत जातो आणि सापडेल ती फाइल उचलून ठेवतो. छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, दस्तऐवज यांपैकी बरेच परत मिळते. परंतु फाइलींची मूळ नावे आणि फोल्डरे मिळत नाहीत. क्रमांकांची नावे धारण केलेल्या हजारो फाइली हाती येतात, आणि तुकड्यातुकड्यांनी साठविलेल्या मोठ्या फाइली अर्धवट निघतात. ओव्यांच्या संग्रहाबाबत याचा अर्थ असा, की आवाज मिळतील, पण कोणता आवाज कोणत्या गावचा, कोणत्या बाईचा, हे एकेक ऐकून ओळखावे लागेल. ज्यांनी त्या गावी जाऊन जात्यापाशी बसून ते ऐकले आहेत, त्यांनाच ते शक्य आहे, आणि त्यांनाही सर्वच आवाज ओळखता येतील असे नाही.

कप्पा परत मिळाल्यावर करावयाचे एक काम उरते आणि ते पाच मिनिटांचे आहे. लिनक्समध्ये ‘एसएफडिस्क’ या आज्ञेने पार्टिशनच्या सर्व नोंदी साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून घेता येतात. त्याच फाइलीवरून त्या पुन्हा लिहिताही येतात. फाइल मोजक्याच ओळींची असते. ती त्याच संगणकावर ठेवण्यात काही अर्थ नाही. ती पेनड्राइव्हवर घ्यावी, शिवाय छापून त्या कागदावर प्रत्येक आकड्यासमोर मराठीत लिहावे : हे विंडोज, हे लिनक्स, यात ओव्या आहेत. तो कागद लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटविला, तर पुढच्या सुट्टीत येणाऱ्या भाच्याला डिस्क मॅनेजमेंट उघडण्यापूर्वीच तो वाचावा लागेल.